सही जुळलेलं पत्र

ढमी दुपारी एक ते अडीच झोपते. त्या दीड तासात काय काय उरकता येतं, हे घरात तान्हं मूल नसलेल्या माणसाला सांगून पटायचं नाही. मी त्या वेळात पत्र लिहायचे.

आमच्याकडे एक अडगळीची खोली आहे. रिकाम्या बॅगा, मोडका पंखा, सुटे बूट आणि इस्त्रीचं उंच टेबल. त्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी उभ्यानेच काम करायचे, कारण बसलं की डोळा लागायचा.

पत्र म्हणजे फार काही नव्हतं. ढमी दोन महिन्यांची असताना मी नव्या आयांसाठी एक वेबसाइट सुरू केली. दर गुरुवारी सभासदांना ईमेलने एक पत्र जायचं. या आठवड्यात ढमीने काय केलं, मी कुठे चुकले, कशावरून रडले. अकराशे बायका ते वाचायच्या. आठवडाभर मी कुणाची आई, कुणाची सून, कुणाची बायको. गुरुवारचं पत्र तेवढं माझं.

ढमी दहा महिन्यांची झाली आणि पत्रं पोचेनाशी झाली. अकराशेपैकी जेमतेम चाळीस जणींनी उघडलं. बाकी सगळी थेट स्पॅममध्ये, लॉटरीच्या आणि केस वाढवायच्या तेलाच्या मेलांशेजारी.

आमची वेबसाइट ज्या सर्व्हरवर आहे, तिथल्या मदतकेंद्रात एक जण बसतो. तक्रारीला ते लोक तिकीट म्हणतात. हा प्रत्येक वाक्याआधी "तुमच्या तिकिटासंदर्भात" म्हणतो, म्हणून मी त्याला तिकीटवाला म्हणते. त्याने फोनवर शांतपणे सांगितलं.

"तुमच्या तिकिटासंदर्भात, मॅडम, तुमचं काही चुकलेलं नाही. तुमच्यासारख्या पन्नास वेबसाइटा एकाच सर्व्हरवरून मेल पाठवतात. त्यातल्या कुणीतरी हजारो भंगार मेल पाठवले आणि अख्खा सर्व्हर काळ्या यादीत गेला. सुक्याबरोबर ओलंही जळतं, त्यातला प्रकार."

"मग मी काय करू?"

"यादीवाल्यांकडे अर्ज करायचा. आणि तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करायचं."

सिद्ध करायच्या तीन पायऱ्या होत्या. पहिली, तुमच्या नावाने कोणता सर्व्हर मेल पाठवू शकतो ते जाहीर करायचं. दुसरी, प्रत्येक मेलवर एक सही उमटवायची. ही कागदावरची सही नव्हे, गणिती सही. तिची किल्ली फक्त तुमच्या लॅपटॉपवर असते. तिसरी, एक नियम जाहीर करायचा, की जो या तपासणीत नापास होईल त्याच्या मेलचं काय करायचं.

पहिल्या दोन पायऱ्या करण्यात तो आठवडा गेला. पत्र पाठवलंच नाही.

शुक्रवारी जुळ्यांच्या आईचा मेल आला. ती माझी पहिल्या दिवसापासूनची वाचक. तिला मी कधी भेटलेले नाही, पण तिच्या दोन्ही मुलांना कधी ताप येतो ते मला ठाऊक असतं.

"ताई, कालचं पत्र वाचून रडू आलं. ढमीने चमचा हिसकावून स्वतः केळं खाल्लं, ते तुम्ही काय लिहिलंय! आजवरचं सगळ्यात सुंदर पत्र."

मी तिला लिहिलं, ते पत्र जसंच्या तसं मला पाठव. तिने पाठवलं. त्यावर माझं नाव होतं. मेल कुठून कसा आला याच्या ज्या बारीक ओळी पोटात दडलेल्या असतात, त्याही मी उघडून पाहिल्या. सर्व्हर बरोबर. सही बरोबर. दोन्ही ठिकाणी हिरवी खूण.

मग मी पत्र वाचलं.

खरं सांगते, मला आधी भीती वाटली नाही. आधी जळफळाट झाला. पत्र चांगलं होतं. माझ्यापेक्षा चांगलं होतं. त्यात एक वाक्य होतं, 'चमचा तोंडात जाण्याआधी तिचं तोंड उघडतं आणि त्याच्याही आधी माझं.' मी ते तीनदा वाचलं. हे मला का सुचलं नाही? उभ्या उभ्या, एक कान पलीकडच्या खोलीत ठेवून लिहिणाऱ्या बाईचं हे वाक्य नव्हतं. जिने लिहिलं तिला वेळ होता. ती निवांत बसली होती, ढमीच्या समोर, आणि नुसती बघत होती.

केळ्याचं म्हणाल तर, ढमी तेव्हा माझ्याच हातून खात होती. चमचा तिने अजून धरलाच नव्हता. निदान माझ्यासमोर तरी नाही.

तिकीटवाल्याला फोन केला. तो बराच वेळ काहीतरी शोधत राहिला.

"मॅडम, त्या गुरुवारी तुमच्या नावाने इथून एकही मेल गेलेला नाही. नोंदच नाही."

"पण वाचकांना मिळालाय. सहीनिशी."

"मग तुमच्याच लॅपटॉपवरून गेला असणार. किल्ली तिथेच आहे ना?" मग जरा चाचरत, "घरात आणखी कोण लिहितं?"

मी हसले. घरात सासूबाई वाणसामानाची यादीसुद्धा तोंडी सांगतात.

मी किल्ली बदलली. जुनी पुसून टाकली, नवी तयार केली. बुधवारी दुपारी तो सगळा दीड तास त्यात आणि काळ्या यादीवाल्यांच्या अर्जात गेला. 'आपण भविष्यात असे वर्तन करणार नाही याची हमी द्या.' दिली हमी. न केलेल्या वर्तनाची.

गुरुवारी मी काही पाठवायच्या आतच पत्र गेलेलं होतं. नव्या किल्लीच्या सहीनिशी. जुळ्यांच्या आईने तेही मला धाडलं. त्यात लिहिलं होतं, की काल दुपारी ढमी लवकर उठली, सोफ्याची कड धरून उभी राहिली आणि कड सोडून तीन पावलं चालली. चौथ्याला बसली आणि स्वतःवरच खूश होऊन टाळ्या पिटू लागली.

मी बाहेर आले. सासूबाई खिडकीत चष्मा पुसत होत्या.

"आई, ढमी चालली का हो? एखादं पाऊल वगैरे?"

त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं. "अगं, असं काय करतेस? काल नाही का? तूच तर ओरडलीस, आई लवकर या, लवकर या म्हणून. मी पदराला हात पुसत धावले."

"मी?"

"नाहीतर काय शेजारीण? रडत काय होतीस, हसत काय होतीस. मला मिठी मारलीस." त्या किंचित लाजल्या. "लग्नानंतर पहिल्यांदा."

संध्याकाळी नवऱ्याला विचारलं, गेल्या काही दिवसांत तुला काही वेगळं वाटलं का?

तो ढमीला खांद्यावर घेऊन फिरत होता. "वाटलं ना. आधी ऑफिसात तुझा फोन आला की उचलायचीच भीती वाटायची, आता काय बिघडलं म्हणून. हल्ली दुपारी नुसता गप्पा मारायला करतेस. बरं वाटतं. अशीच राहा बाई."

मी दुपारी कधीच फोन केला नव्हता. दुपारी मी इस्त्रीच्या टेबलापाशी असायचे.

पहिलं पाऊल एकदाच पडतं. ते मी भिंतीच्या अलीकडे उभी राहून, एका अर्जातले रकाने भरत घालवलं होतं. आणि पलीकडे दुसरं कुणीतरी हात पसरून बसलं होतं. तिने ते पाहिलं, वर लिहूनही काढलं, माझ्यापेक्षा चांगलं. त्या बाईबद्दल माझ्या मनात जे उसळलं त्याला राग हा शब्द पुरत नाही. मला तिचे डोळे हवे होते.

दुसऱ्या दिवशी मी तिसरी पायरी केली. नियमाचे तीन प्रकार असतात. नुसतं कळवा, बाजूला ठेवा, किंवा फेकून द्या. मी सरळ 'फेकून द्या' निवडलं. तपासणीत नापास होणारा माझ्या नावाचा कुठलाही मेल, कुणाच्याही दारातून आत जाऊ नये.

तिकीटवाल्याचा स्वतःहून फोन आला. "मॅडम, तुमच्या तिकिटासंदर्भात... एकदम कडक लावलात? आधी दोन-तीन आठवडे 'नुसतं कळवा'वर ठेवायचं असतं. आपण स्वतः आत आहोत ना, हे बघून मग कडी लावायची."

"मी आतच आहे," मी म्हणाले.

पुढच्या गुरुवारी मी पत्र लिहिलं. मनापासून लिहिलं. ढमीच्या मानेवरच्या वळीत घाम साचतो आणि त्याला दुधासारखा वास येतो, एवढंच लिहिलं. दीड वाजता पाठवलं.

एक पस्तीसला पहिलं परत आलं. मग धडाधड सगळी. प्रत्येकावर तोच मजकूर. 'या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार प्रेषकास नाही. नावाच्या मालकाच्या सूचनेनुसार नाकारले.'

किल्ली तीच होती. सर्व्हर तोच होता. मी पुन्हा पाठवलं. पुन्हा परत आलं.

एक छोटी मेलसेवा असले नियम फारसे पाळत नाही. जुळ्यांची आई नेमकी त्यांची गिऱ्हाईक. तिला माझं पत्र मिळालं, स्पॅममध्ये. तिचं उत्तर वीस मिनिटांत आलं, पण त्या पत्राच्या पत्त्यावर नव्हतं. वेबसाइटच्या तक्रारींच्या पत्त्यावर होतं.

"ताई, सावध राहा. तुमच्या नावाने कुणीतरी पत्रं पाठवतंय. तुमचं आजचं पत्र सकाळीच मिळालं, नेहमीसारखं गोड. हे दुपारी आलं. तुमची नक्कल करायचा प्रयत्न केलाय, पण वाचताना कळतंच हो. घाईघाईत लिहिलेलं आहे, आणि कसलीतरी चडफड आहे त्यात. लेकराच्या घामाबद्दल काहीतरी. वाचून कसंसंच झालं. मी स्पॅम म्हणून कळवलंय, बाकीच्या मैत्रिणींनाही कळवायला सांगते."

मी तिला उत्तर लिहिलं. तेही परत आलं; तिने मला अडवलं होतं.

सकाळचं पत्र माझ्या स्वतःच्या पेटीत येऊन पडलेलं होतं. मी माझ्याच यादीत सभासद आहे, पण आधीची दोन्ही मला कधी आली नव्हती. हे पहिलं. वर तीन हिरव्या खुणा.

लहानसंच पत्र होतं.

'मैत्रिणींनो, गेले काही महिने मी रोज दुपारी अडगळीच्या खोलीत जाऊन लिहायचे. आता तिथे जाणं सोडून दिलंय. ढमीच्या जवळ बसून लिहिते, ती उठली की मिटून ठेवते. किती सोपं होतं! ढमी मात्र अजून अधूनमधून त्या खोलीच्या दाराकडे बघते आणि कान देते. आतून कुणीतरी टाइप करत असल्यासारखं तिला वाटतं. मी तिला कुशीत घेते आणि सांगते, तिथे कोणी नाही गं बाळा.'

माझी बोटं कळफलकावर होती. मी ती उचलली.

बाहेर सासूबाई कशावर तरी हसत होत्या. मध्येच कुणीतरी हळू आवाजात काही बोललं आणि त्या पुन्हा हसल्या.

मी दार उघडलं.

दिवाणखान्यात दुपारचं ऊन होतं. सासूबाई पाठमोऱ्या, कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

ढमी झोपलेली नव्हती, सतरंजीवर बसली होती. न्हाऊन, केस विंचरून. भांग उजवीकडे पाडलेला. मी डावीकडे पाडते.

मी गुडघ्यांवर बसले. हात पुढे केले. "ये गं माझ्या सोन्या."

ती रडली नाही. दूरही सरकली नाही. घरी पाहुणे आले की बघते, तशी अदबीने माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, आणि तिकडून कुणी काही सांगत असल्यासारखं थोडा वेळ ऐकलं.

टाटा करायला तिला आम्ही अजून शिकवलं नव्हतं.

ती माझ्याकडे वळली, हसली, आणि आपला छोटासा पंजा वर करून उघडू-मिटू लागली.