काटा तिसऱ्यांदा सुटला

यातलं काहीही मी मनाने रचलेलं नाही. तेवढी कल्पनाशक्ती माझ्याकडे नाही. मला हे नीट सांगता येईल की नाही, याचीच शंका आहे. पण घडलं ते असंच.

माझ्या मावसभावाच्या घरी घडलं. त्याच्याच तोंडून मी ऐकलं. सांगताना त्याच्यासमोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

भुतंखेतं अंधार पडल्यावर निघतात, अशी आपली समजूत. हे मात्र भर दुपारी झालं.

खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं असताना...

मावसभावाला सगळे दादा म्हणतात. मीही. तो घड्याळजी आहे. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. स्वभाव असा की भूत समोर येऊन उभं राहिलं, तरी हा आधी त्याच्या मनगटावर कुठलं घड्याळ आहे ते बघेल.

एक दिवस दुकानात एक बाई आल्या. त्यांचे वडील डॉक्टर होते. जन्मभर बाळंतपणं केली. नुकतेच वारले होते.

बाईंनी रुमालात गुंडाळलेलं एक घड्याळ काउंटरवर ठेवलं.

"बाबा गेल्यापासून याचं बटण अडकलंय. वेळ बरोबर दाखवतं, पण सेकंदाचा मोठा काटा नुसता फिरत राहतो, बटण दाबलं जात नाही."

दादाने रुमाल उघडला... आणि दिवा जवळ ओढला.

सोन्याची पातळ केस. सायीच्या रंगाची डायल. आचेवर निळे केलेले, सुईसारखे काटे. खालच्या बाजूला अर्धगोल खिडकी, आणि खिडकीत गडद निळ्या तबकडीवर चांदण्या आणि सोन्याचा चंद्र. आकाशातला चंद्र वाढेल तसा हाही वाढणार, तो घटेल तसा हाही घटणार.

मागचं झाकण उघडलं तर आत आणखीच नवल. एकेका पट्टीची कड हाताने घासून आरशासारखी केलेली. जिथे कुणाची नजर कधी पोचणार नव्हती, तिथेसुद्धा कारागिराने हात आखडता घेतला नव्हता.

दादा डोळ्याला भिंग लावून तासभर नुसता बघत बसला.

"अहो, या घड्याळाकडे बघताय तसं माझ्याकडे लग्नात तरी बघितलं होतं का?" वहिनी पडद्याआडून म्हणाली.

"तेव्हा भिंग नव्हतं," दादा म्हणाला.

या घड्याळाला बटण एकच होतं. एकदा दाबलं की सेकंदाचा मोठा काटा सुटतो. दुसऱ्यांदा दाबलं की थांबतो. तिसऱ्यांदा दाबलं की टपकन शून्यावर येतो. डायलच्या कडेने नाडीचे आकडे लिहिलेले. काटा सोडायचा, नाडीचे तीस ठोके मोजायचे, थांबवायचा. काट्याखाली जो आकडा येईल, ती मिनिटाची नाडी. नाडी जलद असेल तर काटा लवकर थांबणार, मंद असेल तर उशिरा; म्हणून आकडे मोठ्याकडून लहानाकडे उतरत जाणारे. खास डॉक्टरांसाठी केलेलं घड्याळ.

दादाने ते पूर्ण खोललं, साफ केलं, तेल दिलं. बटण मोकळं झालं. खिडकीतला चंद्र आकाशातल्या चंद्राशी जुळवला. पौर्णिमा जवळ आली होती.

आता राहिलं हातावर बांधून बघणं. दुरुस्त केलेलं घड्याळ दादा काही दिवस स्वतः वापरतो, मगच परत देतो. पण त्याच्या मनगटावर तेव्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाचं घड्याळ होतं.

"बाबा, मी बांधते ना," त्याची मुलगी म्हणाली. तिला घरात चिमी म्हणतात. पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं, म्हणून माहेरी आली होती. मागच्या खोलीत दिवसभर पडून असायची. "नाहीतरी मी नुसती लोळतेय. निदान काहीतरी काम केल्यासारखं होईल."

गिऱ्हाइकाची वस्तू दादा कधी दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. त्या दिवशी दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात कामाला बसला होता. रस्ता सुना. वहिनी बाजारात गेलेली.

मागच्या खोलीतून आवाज आला...

टक.

मग बराच वेळ काही नाही.

टक... टक.

"चिमे, बटणाशी खेळू नकोस गं!"

"मी कुठे हात लावला?" आतून झोपाळलेला आवाज. "आपोआप झालं. ऐंशीवर थांबला होता काटा."

दादा आत गेला. तिच्या नाडीवर बोटं ठेवून मोजली.

ऐंशी.

बटणाची स्प्रिंग ढिली राहिली असेल, असं त्याने ठरवलं. घड्याळ पुन्हा खोललं. स्प्रिंग चांगली होती. सगळंच चांगलं होतं.

पुढच्या दुपारी तो पडद्यापाशीच उभा राहिला. चिमीचा डावा हात चादरीवर उताणा पडलेला. उजवा उशीखाली.

बटण आत गेलं.

कुणीही न दाबता... आत गेलं.

काटा सुटला. ऐंशीवर थांबला. शून्यावर आला.

दादाने श्वास सोडला. तेवढ्यात काटा पुन्हा सुटला. या वेळी लगेच थांबला.

एकशे चाळीसवर.

एकशे चाळीस कुणाची नाडी असते, हे त्याला ठाऊक होतं. दवाखान्यात मागच्याच खेपेला तिथल्या डॉक्टरांनी बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकवले होते.

"काढ ते," तो म्हणाला.

चिमी जागीच होती. हसली. "घाबरता काय बाबा? बाळाचीसुद्धा नाडी बघतंय ते. दवाखान्यातली रांग वाचली. राहू दे ना. दुपारची तेवढीच सोबत."

"सोबत?"

पलंगाशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे तिने बघितलं.

"म्हणजे... कुणीतरी शेजारी बसल्यासारखं वाटतं."

दादाने घड्याळ तिच्या हातातून काढलंच. दुकानातल्या काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, परवा येते.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही झालं नाही.

मग काचेआडून आवाज आला.

टक.

दादा कपाटासमोर जाऊन उभा राहिला. काटा ऐंशीवर थांबला. शून्यावर आला. घड्याळाभोवती कुणाचाही हात नव्हता. किल्ली दादाच्या खिशात होती.

काटा दुसऱ्यांदा सुटला.

एकशे चाळीस आलं... काटा थांबला नाही.

शंभर आलं. गेलं.

ऐंशी आलं. तेही गेलं.

काटा साठवर थांबला.

दादाची नजर खाली खिडकीकडे गेली. सकाळी तिथे भरत आलेला चंद्र त्याने स्वतः पाहिला होता. आता चंद्र नव्हता. नुसतं निळं... आणि चांदण्या.

तो पळत आत गेला.

"चिमे! बाळ हलतंय का?"

ती दचकून उठली. पोटावर हात ठेवला. थोडा वेळ थांबली. तिच्या चेहऱ्यावरची झोप उडत गेली.

"सकाळपासून... नाही हो बाबा. मला वाटलं, झोपलंय."

तिला धरून दुकानातून बाहेर नेताना दादाच्या पाठीमागे आवाज झाला.

टक.

टक.

काटा शून्यावर येऊन तिसऱ्यांदा सुटला होता.

त्याने मागे वळून बघितलं नाही.

दवाखान्यात पोचल्या पोचल्या चिमीला आत घेतलं. नाळ बाळाच्या गळ्याला आवळली होती. ठोके साठावर आले होते. तातडीने ऑपरेशन केलं, आणि मुलगी झाली. आधी निळी पडलेली, मग गुलाबी, मग असं भोकाड पसरलं तिने की वहिनी रडता रडता हसायला लागली.

"वेळेवर आणलंत," तिथल्या डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला कळलं कसं?"

दादाने खिशातली कपाटाची किल्ली चाचपली.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. दुकान उघडलं. कपाटात मोठा काटा अजून फिरत होता. आकडे संपायचे, पुन्हा सुरू व्हायचे. काटा थांबत नव्हता. खिडकीत चंद्र नव्हता.

थोड्या वेळाने बाई आल्या. दादाने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी घड्याळाला हात लावला नाही. स्टुलावर बसल्या.

"बाबा तपासताना आधी बाळाच्या आईची नाडी बघायचे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मग बाळाचे ठोके. आणि शेवटी गंमत म्हणून स्वतःची. 'तिघंही जागेवर आहोत,' म्हणायचे. बायका हसायच्या. भीती जायची त्यांची."

"आणि..." दादा म्हणाला.

"शेवटच्या दिवशी खुर्चीत बसून स्वतःचीच बघत होते. आम्ही खोलीत गेलो, तेव्हा ते गेले होते. काटा फिरतच होता. बटण तेव्हापासून अडकलेलं."

त्यांनी फिरता काटा रुमालात गुंडाळला आणि त्या निघून गेल्या.

इथे गोष्ट संपली असती, तर मी ती लिहिलीच नसती.

बाळ आता काही महिन्यांचं झालंय. गुटगुटीत आहे. चिमी इतक्यात सासरी जाणार नाही. दुपारी दोघी मागच्या खोलीत झोपतात.

मी मागच्या महिन्यात दादाकडे गेलो होतो. दोघी झोपलेल्या. आम्ही दारात उभे.

चिमीचा डावा हात चादरीवर सरकला आणि उताणा झाला. तसाच राहिला. मग मिटला.

मग बाळाने हात पुढे केला. रिकाम्या बाजूला. तळवा वर. झोपेतसुद्धा त्या वयाचं मूल एक क्षण स्वस्थ नसतं. हे राहिलं.

मग त्याने हात ओढून घेतला.

मी दादाकडे बघितलं. त्याने डाव्या बाहीचं बटण सोडलं होतं. डोळे मिटले होते. मनगटाजवळ, नाडीच्या जागी, दोन ठिकाणी कातडी खाली दबली होती.

कुणाचंही बोट तिथे नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती दोन्ही ठिकाणं वर आली.

आम्ही दुकानात येऊन बसलो.

"तिसरी नाडी लागते रे त्यांना," दादा म्हणाला. "स्वतःची सापडत नाही."

"अरे, मग हात काढून घे ना!"

"एकदा घेतला होता. त्या दिवशी चिमी उठली ती म्हणतच, 'बाबा, माझा हात फार गार पडलाय.' संध्याकाळपर्यंत गारच होता. ते पुन्हा तिच्याकडे गेले होते."

"किती वेळ धरून ठेवतात?"

"तीस ठोके होईपर्यंत."

"म्हणजे किती वेळ?"

दादाने बाहीचं बटण लावलं. आत बाळ जागं झालं होतं. वहिनी त्याच्याशी बोबडं बोलत होती. दादाने पडद्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"रोज जरा जास्त."

वहिनीला हे अजून माहीत नाही.