टेकलेली की टांगलेली

"टायर आहेत का दगड? एवढी हवा भरलीस तर खाली उतरेपर्यंत माझे दात खिशात घालून आणावे लागतील," चिमणी पुटपुटली.

ती वहिनीला खेटूनच उकिडवी बसली होती, म्हणून ते फक्त वहिनीला ऐकू आलं. पंप मारणाऱ्या पंक्चरनं ऐकलं असतं तर पहाटे पहाटे भांडण लागलं असतं.

चिमणी म्हणजे वहिनीची नणंद. नाव लहानपणी पडलं. पुढे ती उंचपुरी, दणकट, पोरांना पोहायला शिकवणारी बाई झाली तरी ते काही निघालं नाही. पंक्चर म्हणजे धाकटा दीर. सायकलच्या दुकानातल्या घरात जन्मून बरीच वर्षं त्याला तेवढं एकच काम येत होतं. वहिनी मात्र त्याला भावजीच म्हणायची. निदान एकीनं तरी माणसात ठेवावं म्हणून.

तिघं निघाले होते वहिनीच्या नवऱ्याला शोधायला. या दोघांच्या दादाला.

गेल्या वर्षी याच दिवसांत, डोंगरावर बर्फ पडायच्या आधी, तो एकटाच सायकल घेऊन निळ्या वाटेवर गेला आणि परत आला नाही. वाट त्यानंच काढलेली. पाइनच्या जंगलातून चढायचं, वरच्या कुरणांतून उघड्या धारेनं जायचं आणि खिंडीपाशी पोचलं की मागे फिरायचं. झाडांवर, खडकांवर निळ्या रंगाचे ठिपके देत त्यानं ती आखली होती. शोधपथकानं सगळ्या दऱ्या पालथ्या घातल्या. पाना नाही, पेडल नाही, बटणही नाही! यंदा उन्हाळाभर वहिनीनं चढांचा सराव केला. मिळालं तर काहीतरी घेऊन यायचं. जे असेल ते. नुसतं हवेत लटकून आणखी एक हिवाळा काढणं तिला शक्य नव्हतं.

दुकानाच्या मागच्या भागात बाबा, म्हणजे सासरे, चाकाचे स्पोक आवळत बसले होते. बोटानं तार छेडावी तसा एकेक स्पोक छेडून बघत. त्यांच्या दुकानात सायकलींना दोन जागा होत्या. उद्या-परवा गिऱ्हाईक न्यायला येणार ती भिंतीला टेकायची. बराच काळ चालणार नसेल ती हुकाला लागायची, आणि तीही अशीतशी नाही. चेनला ग्रीस, गिअरची तार सैल, पेडलं काढून जुन्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलेली, सीटवर पिशवी चढवलेली. "टेकलेली वाट बघते, टांगलेली झोपते," असं बाबा म्हणायचे. त्यांच्या तिन्ही मुलांना हे मुळाक्षरांच्या आधी पाठ झालं होतं.

"ब्रेक बघितले का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"बघितले, बाबा."

"मग जा."

आणखी काही नाही. त्या घरात वर्षभर सगळे असंच बोलत. अंधारात खाटेचा कोपरा चुकवत चालावं तसे एका वाक्याच्या कडेकडेनं जात. वहिनीला वाटायचं, ते वाक्य म्हणजे "तो मेला". ते म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही, एवढंच.

जंगलातला चढ पहिल्या वळणापासूनच छातीवर बसला. वाटेत आडवी आलेली मुळं दवानं ओली होती. त्यांच्यावर पुढचं चाक सरळ गेलं तर ठीक, जरा तिरकं गेलं की साबणाच्या वडीसारखं सटकायचं. वर पाइनच्या शेंड्यांत वारा घोंघावत होता, खाली मात्र पान हलत नव्हतं. तिथे फक्त तिघांचे श्वास आणि चिमणीची कुरकुर. निळा ठिपका दिसला की पंक्चर उगाच घंटी वाजवायचा. तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा चिमणी म्हणाली, "दादाचे ठिपके आहेत, देवळातल्या पायऱ्या नाहीत."

तेवढ्यात कडाड आवाज झाला! तिच्या मागच्या चाकात काठी शिरली, आणि गिअर मुळापासून मोडून चेनला लोंबकळू लागला.

"झालं! बोललीस ना?" पंक्चर म्हणाला. पण तोवर त्यानं पिशवीतून हत्यार काढलंही होतं. चेन तोडली, आखूड केली, एकाच दातेरी चक्रावर बसवून जोडली. "आता एकच गिअर. चढ आला की रड, उतार आला की हस."

"तुझ्यासोबत दोन्ही एकदमच होतं."

वहिनी हसली, आणि हसता हसता तिला आठवलं की हे चेनचं काम भावजींना गेल्याच वर्षी आलं. त्या उन्हाळ्यात दादानं त्याला रोज समोर बसवून एकेक काम शिकवलं होतं, चाक सरळ करण्यापासून दुकानाच्या शटरला वंगण घालण्यापर्यंत. कसली घाई होती कोण जाणे. तिनं तो विचार तिथेच सोडला आणि पेडल मारलं.

रात्र त्यांनी जंगलाच्या वरच्या कडेला तंबूत काढली. दुसऱ्या दिवशी झाडं संपली आणि कुरणं सुरू झाली. पिवळं पडत चाललेलं गवत, लाटांसारख्या टेकड्या, आणि मधून काळ्या दोऱ्यासारखी वाट. वर्षभर जे डोळे दुकानाच्या भिंतीवर आपटून परत येत होते, ते तिथे कुठल्या कुठे जाऊन पोचत. इतकं सुंदर होतं की वहिनीला राग आला. मरायला माणूस जागा तरी कसली निवडतो!

मग कुत्रे आले. खालच्या गावांकडे उतरत चाललेल्या मेंढ्यांच्या शेवटच्या कळपाचे राखणदार. तीन होते, वासराएवढे!

"पळवा!" पंक्चर ओरडला.

"उतरा!" वहिनी त्याच्यावर ओरडली. "पळालं की ते लागतात मागे. उतरा, सायकल मध्ये घ्या, चालत राहा!"

चालत राहिले. कुत्रे गुरगुरत पलीकडून चालले. सायकलच्या एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला दात. चिमणी पुटपुटत होती, आणि ही कुरकुर नव्हती, ती चक्क कुत्र्यांना लाडीगोडी लावत होती. कळप मागे पडला तसे तेही फिरले.

धारेवर पोचेपर्यंत आभाळ शाईसारखं झालं. खिंड समोर दिसत होती. शेवटचा निळा ठिपका तिथल्या खडकावर. एकाएकी वहिनीच्या मानेवरचे केस उभे राहिले. हँडल हलकेच गुणगुणत होतं.

"सायकली टाका! टाका म्हणते ना!"

टाकल्या. लांब पळाले. गुडघे पोटाशी घेऊन तिघं गवतात दबून बसले. वीज पडली! जिथे पडली ती जागा पांढरी झाली, आणि आवाज कानात न येता थेट हाडांत शिरला. मग गारा. बोरांएवढ्या, मग लिंबांएवढ्या. हेल्मेटवर टणटण, पाठीवर धपाधप. चिमणीच्या कपाळातून रक्ताची धार लागली.

"तिथे!" पंक्चर बोट दाखवत होता. खिंडीपलीकडे, उतारावर, एक दगडी झोपडी.

शोधायला तिकडे कुणी गेलंच नव्हतं. कसं जाणार? शोधपथकाला घरच्यांनीच सांगितलं होतं, "तो खिंडीतूनच मागे फिरतो. नेहमी." ठिपके संपले तिथे शोधही संपला होता.

ते घसरत, पडत, उठत झोपडीपर्यंत गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत मेंढपाळांचं कुणी नव्हतं. हंगाम संपला होता. चिमणीच्या कपाळावर रुमाल दाबून वहिनीनं तिला दाराशी बसवलं आणि अंधाराला डोळे सरावले.

आढ्याला दुधाची भांडी अडकवायचे हूक होते. त्यातल्या एकाला दादाची सायकल टांगलेली होती.

वहिनी उठली आणि तिनं चेनवर बोट फिरवलं. ग्रीस. धूळ धरलेलं, पण ग्रीस. गिअरची तार सैल. पेडलं ट्यूबच्या पट्टीनं बांधलेली, दुहेरी गाठ, शेपूट आत खोचलेलं. सीटला पिशवी. आणि खाली, भिंतीशी, सायकल चालवायचे बूट. जोडीनं, टाचा भिंतीला लावून. शेजारी उलटं हेल्मेट.

ती बुटांकडे बघत राहिली. इथून पुढे माणूस अनवाणी गेला नव्हता. म्हणजे चालायचे बूट त्यानं घरूनच पाठीवर आणले होते. ते कपाटात नाहीत हे तिला त्याच आठवड्यात दिसलं होतं. चांभाराकडे टाकले असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि वर्षभर चांभाराकडे मात्र गेली नाही. जायच्या आधी काही महिने तो चहा दिला की "थँक्यू" म्हणायला लागला होता. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा चहाला थँक्यू म्हणतो, तेव्हा बाईनं तिथल्या तिथे कप खाली ठेवून विचारायला हवं की बाबा रे, कुठे निघालास?

"कुणी गुराख्यानं उचलून आणली असेल," पंक्चर म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता.

चिमणी म्हणाली, "हो. दरीतून. ओढून आणली असेल." मग म्हणाली, "माझ्याकडे आला होता तो. जायच्या आदल्या रविवारी. उगाच बसला. माझ्या मुलीचे केस विंचरून दिले त्यानं. कधी दिले होते याआधी?"

गारा थांबल्या. दारातून पलीकडचं खोरं दिसत होतं, खाली हिरवं, घराघरांतून धूर निघणारं. पायवाट सरळ तिथे उतरत होती. एकही निळा ठिपका नसलेली.

"जायचं का खाली? विचारू कुणाला तरी," पंक्चर म्हणाला. "किंवा ही तरी नेऊ. मी पाठीवर बांधतो."

एवढ्यासाठी तर आली होती ती. वर्षभर ज्याची वाट बघितली ते हातभर अंतरावर लटकत होतं. वहिनीनं सीटवरची पिशवी सरकली होती ती नीट केली.

"राहू दे. ओझं होईल."

"बाबांना काय सांगायचं?"

"दरीत दिसली म्हणू," चिमणी म्हणाली. "लांबून. पोचता येत नाही अशा जागी. त्यांचं वय झालंय, वहिनी."

वहिनी दाराबाहेर पडली. तोच दोघांनी होकार धरला.

धारेवर टाकलेल्या सायकली उचलून ते परत फिरले, आणि उतारावर ती सगळ्यांच्या पुढे होती. ब्रेकला बोट लावलं नाही! ओली मुळं, वळणं, खळगे, निळे ठिपके एकामागून एक डाव्या-उजव्या हाताला भिरकावले जात होते. इतकी चांगली सायकल तिनं जन्मात चालवली नव्हती, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते वाऱ्यानंच, असं कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मागून पंक्चर "वहिनी, हळू!" म्हणून बोंबलत होता.

दुकान उघडंच होतं. तिघांनी चिखलानं भरलेल्या सायकली भिंतीला टेकवल्या. बाबा चाक मांडीवर घेऊन बसले होते. चिमणीच्या कपाळाकडे त्यांनी बघितलं, मग प्रत्येकाच्या हाताकडे.

"पडलेली दिसली, बाबा," पंक्चरनं पाठ केलेलं सुरू केलं. "दरीत. खूप खाली. काही करता येण्यासारखं नव्हतं."

"हं."

बाबांनी एक स्पोक छेडला. तो जरा बसका वाजला. त्यांनी तो आवळला नाही.

"सूनबाई," ते म्हणाले, "टेकलेली होती की टांगलेली?"

चिमणीनं वहिनीचं मनगट धरलं. वहिनीनं ते हळूच सोडवून घेतलं, खाली बसली आणि म्हाताऱ्याच्या मांडीवरचं चाक दुसऱ्या बाजूनं धरलं.

"टांगलेली," ती म्हणाली. "ग्रीस लावून, पेडलं बांधून. तो पडला नाही, बाबा. तो आपल्याला सोडून गेला."