खांबावरचा डोळा

खरं सांगतो, ही गोष्ट लिहायचं जवळजवळ राहूनच गेलं होतं. म्हटलं, काय लिहायचं? हिच्यात भुयार नाही, खजिना नाही, दरोडेखोर नाही. आहे तो एक जळकुकडा! पण मग वाटलं, जळकुकड्यांचीही गोष्ट कुणीतरी सांगायलाच पाहिजे की!

तर तो जळकुकडा म्हणजे विरूपाक्ष. देवणीजवळच्या एका गावात राहणारा, आठवीतला. त्या दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या पोटात जे दुखू लागलं होतं, त्या दुखण्याचं नाव होतं गंधार.

गंधार नांदेडचा. गावातल्या शाळेच्या मालविका मॅडमचा भाचा. मावशीकडे आला तो एक लांबट पेटी घेऊन. पेटीत छोटी दुर्बीण! झालं! सगळी पोरं त्याच्या मागं. पोरं गेली तर गेली, पण महामायासुद्धा?

महामाया ही विरूपाक्षची पहिलीपासूनची दोस्त. दर दिवाळीला दोघं मिळून आकाशकंदील करायची. यंदा विरूपाक्ष एकटाच कामट्या तासत बसला, आणि ही बाई निघाली शाळेच्या गच्चीवर!

“अगं, खळ कोण करणार?”

“तूच कर की! आज गंधार देवयानी दाखवणार हाय.”

“कोण देवयानी? त्याची बहीण?”

“येडा हायस का! दीर्घिका हाय ती. आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी. लई लांब हाय! चल की तू पण.”

“मला न्हाई बघायचं त्याच्या नळीतून!”

मग विरूपाक्षनं एकट्यानंच कंदील केला. रागारागात केला, म्हणून तो नेहमीच्या दुप्पट झाला! आत दणदणीत बल्ब, त्याची वायर थेट पंचायतीच्या कचेरीतून. वायरमन बसलिंगप्पा काकांनी तो दोर लावून पंचायतीसमोरच्या खांबावर पार टोकाला चढवला. सरपंच लक्ष्मीबाईंनी टाळ्या वाजवल्या. विरूपाक्षनं लगेच शाळेच्या गच्चीकडे पाहिलं. तिथं सगळ्यांच्या माना आभाळाकडे!

त्याच संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे गेले. सगळे एकदम! जरा वेळानं आले. पुन्हा गेले! घराघरातली लाईट मात्र चालूच.

दुसऱ्या दिवशीही तेच. बसलिंगप्पा काकांनी खांबावरची पेटी उघडली, फ्यूज बघितला, वायर ओढून बघितली. “सगळं बराबर हाय,” म्हणत पेटी बंद केली. मान वर करायची तसदी काही त्यांनी घेतली नाही.

तिसऱ्या संध्याकाळी गंगम्मा आजी अंधारात नालीत पडल्या. पाय सुजून टम्म! मग मात्र गाव तापलं. पंचायतीच्या ओट्यावर माणसं जमली.

“अंधार कुणाला पाहिजे? त्या नळीवाल्या पोराला!” बसलिंगप्पा काकांनी निकालच लावला.

गंधारला बोलावणं गेलं. लक्ष्मीबाईंनी विचारलं, “पोरा, तू मला म्हणला होतास का न्हाई, दिवे बंद करा म्हणून?”

“म्हणालो होतो, काकू. दिव्यांमुळं अंधुक गोष्टी दिसत नाहीत. पण तुम्ही नको म्हणालात.”

“म्हणून तूच बंद करू लालास?”

“शपथ, नाही!”

“अहो, असं कसं?” महामाया उसळली. “दिवे गेले तेव्हा दर वेळी आभाळात ढग धावत होते! ढगात काय दिसतंय? अंधार करून ह्यानं काय बघायचं, कपाळ?”

“ए पोरी, गप बस!” कुणीतरी डाफरलं.

लक्ष्मीबाई विरूपाक्षकडे वळल्या. “तुझं घर तर समोरच हाय. ह्याला खांबापाशी बघितलास?”

बघितलं होतं. पहिल्याच दिवशी गच्चीवरून खाली आल्यावर गंधार खांबापाशी उभा होता. मान वर करून कंदील बघत होता आणि म्हणत होता, “काय भारी केलाय रे!”

“उभा होता खांबापाशी,” विरूपाक्ष म्हणाला. बाकीचं त्यानं गिळलं.

“बस्स! उद्याच्या गाडीनं नांदेड!” लक्ष्मीबाईंनी फर्मान काढलं.

महामायानं विरूपाक्षकडे असं पाहिलं की त्यानं मान खाली घातली. पण आतून? आतून गुदगुल्या होत होत्या! उद्या गंधार जाणार, परवा महामाया आपली!

माणसं पांगली. विरूपाक्ष ओट्यावर एकटाच आपला कंदील बघत बसला. एवढ्यात वारं सुटलं. ढग पळायला लागले. कंदील हेलकावला, खांबाच्या टोकाला टेकला, तिथंच अडकला... आणि फट्! दिवे गेले! वाऱ्यानं कंदील सुटून बाजूला झाला. थोड्या वेळानं दिवे आले!

विरूपाक्ष ताडकन उठला. टोकाला एक डबीएवढा डोळा होता. काकांनीच मागं सांगितलं होतं, अंधार पडला की हा डोळा दिवे लावतो, उजाडलं की घालवतो. आणि त्या डोळ्यासमोर नेऊन कंदील बांधला होता! उजेड पडला की डोळ्याला वाटायचं, सकाळ झाली!

म्हणून ढग! ढग पळवणारं वारंच कंदील हलवत होतं. महामायाचं बरोबर होतं.

हे दुसऱ्या कुणीच पाहिलं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. सकाळपर्यंत! विरूपाक्ष बसलाही. पण मघाच्या गुदगुल्या काही परत येईनात. शेवटी तो पळतच सुटला.

मालविका मॅडमच्या घरी गंधार दुर्बीण पेटीत ठेवत होता. महामाया शेजारी नाक पुसत होती.

“थांब, भरू नको! मी अर्धंच सांगितलं मघाशी. तू माझा कंदील बघत होतास, हे मुद्दाम न्हाई सांगितलं.”

“का?” गंधारनं विचारलं.

“जळत होतो तुझ्यावर. आता ऐक. दिवे कोण घालवतंय ते कळलंय मला!”

सगळं ऐकून महामाया म्हणाली, “काका ऐकतील व्हय? दाखवूनच द्यावं लागंल!”

तिघांनी मिळून दोर सोडून कंदील खाली घेतला. रानात पाणी द्यायला जाताना नेतात ती मोठी बॅटरी विरूपाक्षनं घरून आणली. गंधारनं ती दुर्बिणीच्या तिपाईवर घट्ट बांधली आणि नेम थेट डोळ्यावर धरला. महामाया ओरडतच गेली, “सरपंच काकू! दिवे घालवणारा सापडला! खांबावरच बसलाय!”

सगळे धावत आले. विरूपाक्षनं मघाची अर्धी साक्ष आणि कंदिलाचा प्रताप, दोन्ही सांगून टाकलं. बॅटरी लागली. काहीच होईना! बसलिंगप्पा काका खो खो हसले. “बॅटरीनं दिवे जातेत व्हय रे...”

फट्! गल्ली काळोखी. काकांचं हसणं अर्ध्यातच तुटलं!

“म्हणजे... मीच चढवला की तो कंदील!” काका डोकं खाजवू लागले.

“आन् पोराला शिव्या घातल्या आपण!” लक्ष्मीबाई पुढं आल्या. “गंधार, चुकलं बाळा आमचं. तू कुठं जायचं न्हाई. आन् विरूपाक्ष, स्वतःचा कंदील उतरवून खरं बोललास. मोठ्यांना जमत न्हाई रे हे! आता ती बॅटरी राहू द्या तशीच. समदे ओट्यावर बसून घ्या, कुणी हिंडू नका. आमाला पण दाखवा ती देवयानी!”

गंधारनं तिपाईवरची बॅटरी काढून महामायाच्या हातात दिली. तिनं नेम सोडला नाही. दुर्बीण तिपाईवर चढली. ढगांत एक फट पडली, आणि गंधार म्हणाला, “विरूपाक्ष, आधी तू. लवकर!”

विरूपाक्षनं डोळा लावला. आधी नुसत्या चांदण्या. मग मधोमध एक फिकट डाग, वेचताना कापसाचा पुंजका उडावा तसा.

“एवढाच?”

“एवढाच. पण त्यातला उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालाय.”

विरूपाक्ष हललाच नाही. मागून महामाया ओरडली, “ए, सरक की आता! माझे हात दुखू लालेत!” तेव्हा कुठं तो बाजूला झाला.

ढग परत आले तोवर अर्ध्या गावानं बघून घेतलं होतं. पेटी उचलून दोघं मॅडमच्या घराकडे निघाले.

“आता नाही ना जळत माझ्यावर?” गंधारनं विचारलं.

विरूपाक्षनं खरंच विचार केला. “थोडं थोडं जळतोय अजून,” तो म्हणाला. “पण शब्द देतो गंधार, पुन्हा कधी जास्त जळलो, तर आधी तुला सांगीन. तोंडावर! मग पाहिजे तर भांडू. पण तुझ्या माघारी न्हाई.”