शेवटच्या सोळा मात्रा

बाळांनो, डोळे मिटू नका. उघडेच ठेवा. आणि माझ्याबरोबर एक खोली डोळ्यांसमोर आणा.

तिसरा मजला. लांबलचक खोली, खाली लाकडी जमीन. एका भिंतीला खालपासून वरपर्यंत आरसा. समोरची भिंत पातळ फळ्यांची, आणि तिच्यापलीकडे पोशाख ठेवायची बिनखिडकीची अरुंद खोली.

दुपारचे सव्वाचार. लख्ख ऊन. खाली अंगणात पोरांचा कल्ला.

भुतं रात्रीच येतात असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर ते विसरा.

हे माझ्या कुणा ओळखीच्याच्या ओळखीच्याला झालेलं नाही. त्या खोलीत मी उभी होते. सव्वीस वर्षं झाली. आजवर ते पूर्ण कुणालाच सांगितलं नाही. भीतीमुळे नाही…

लाजेमुळे.

त्या शाळेत गाणं, नाटक आणि नाच शिकवत. मी नाच शिकवायचे. लहानांचा वर्ग माझा. एकेका पोराला एक पाऊल पन्नास वेळा दाखवायला मी कधी कंटाळले नाही, एवढं मी स्वतःबद्दल म्हणू शकते.

एक दिवस शाळेच्या मोठ्या बाईंनी आम्हा नाचाच्या तिघा शिक्षकांना बोलावलं.

"पालक विचारतात, शिकवणाऱ्यांनी स्वतः काय दिवे लावलेत? तेव्हा प्रत्येकानं अर्धं पान लिहून द्या. आधी कुठे होतात, काय केलंत. सोबत एक फोटो. फ्रेम करून जिन्यापाशी लावणार आहे."

आमच्यातले सर तरुणपणी सर्कशीत झुल्यावर होते. त्यांनी डोकं खाजवलं. "मी काय लिहू, बाई? चौदा वर्षं उलटा लटकलो?"

"तेच लिहा. खरं आहे ना?"

दुसऱ्या बाई सिनेमातल्या समूहनृत्यांत नाचल्या होत्या. त्यांनी लिहिलं, 'मागची रांग, डावीकडून तिसरी.' वर हसत म्हणाल्या, "माझ्या आईलासुद्धा मी पडद्यावर सापडले नाही. पण होते मी तिथे!"

त्या दोघांनी खरं लिहिलं.

मी लिहिलं, 'अकरा वर्षं फिरत्या नृत्यमंडळात प्रमुख नर्तकी.'

अकरा वर्षं खरी. मंडळही खरं. प्रमुख नर्तकी मात्र माझी मावसबहीण होती. आमची ताई.

मी तिचे पोशाख सांभाळायचे. उसवलेलं शिवायचं, घामानं भिजलेलं वाळवायचं, हूक लावायचे. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून मंडळात सगळे मला टाचणी म्हणत. नाच मला येत होता. ताई सकाळी तालीम करायची तेव्हा तिच्या मागे उभी राहून शिकले होते. पण लोकांसमोर मी एकदाही नाचले नव्हते.

आता आमची एक रीत सांगते. ती नीट लक्षात ठेवा.

स्टेजवर जाण्याआधी ताई माझ्याकडे पाठ करून उभी राहायची. मी शेवटचा हूक लावायचे. मग ती बुटाची लाकडी टाच दोनदा आपटायची.

ठक् ठक्.

म्हणजे, 'झालं का?'

मी एक टाळी द्यायचे. म्हणजे, 'जा.'

माझी टाळी पडल्याशिवाय तिनं कधी पाऊल पुढे टाकलं नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही.

आणि दुसरी गोष्ट. तिचा जो सगळ्यात गाजलेला नाच होता, त्याच्या शेवटच्या सोळा मात्रा मी कधी पाहिल्याच नाहीत. त्या वेळी मी डाव्या विंगेमागच्या खोलीत पुढचा पोशाख उघडून बसलेली असायचे. तालमीत ताई तो शेवट करायची नाही. मी हट्ट केला की म्हणायची, "तू बघायचा नाहीस तो, टाचणी. तू ऐकायचास."

म्हणून मी ऐकायचे. फळ्यांच्या भिंतीतून.

ठक्. ठक्. मग पाय घासत ओढल्याचा आवाज. मग सगळं शांत…

मग एकच टाळी. आणि त्या टाळीमागून प्रेक्षकांचा कडकडाट.

ती पहिली टाळी नेहमी एकटी पडायची. मला वाटायचं, असेल कुणी उतावीळ प्रेक्षक. पण प्रत्येक गावात?

मी कधी खोलात गेले नाही.

एका परगावच्या दौऱ्यात ताई तीन दिवसांच्या तापानं गेली. तिची पेटी माझ्याकडे आली. नऊ वर्षं मी ती उघडली नव्हती. फ्रेमसाठी उघडली. वरच तिचा फोटो होता, पूर्ण रंगरंगोटी केलेला. रंग लावला की आम्ही दोघी सारख्याच दिसायचो.

मी तो फोटो दिला. खाली माझं नाव.

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला वर्ग सुटला. मी एकटी चटया गोळा करत होते. आणि फळ्यांच्या पलीकडून…

ठक् ठक्.

मी जाऊन दार उघडलं. पोशाख रांगेत लटकत होते. एकही हलत नव्हता.

लाकूड आहे, उन्हानं वाजतं, मी स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी पुन्हा. बरोबर सव्वाचार. दोन ठोके, आणि मग शांतता. साधी शांतता नव्हे, बाळांनो. कुणी वाट बघत असलं की असते ना, तशी.

मला कळलं होतं. पहिल्या दिवशीच कळलं होतं.

मी टाळी दिली नाही. दिली असती, तर मी कोण ते कबूल केल्यासारखं झालं असतं.

माझ्या वर्गात नऊ वर्षांची एक मुलगी होती. पायाला स्वस्थता नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. वार्षिक कार्यक्रमात ती ताईचाच नाच करणार होती. मीच बसवला होता. शेवट मला माहीत नव्हता, म्हणून मी मनानं जोडला होता. दोन गिरक्या आणि नमस्कार.

एक दिवस मला खालून यायला उशीर झाला. मी जिना चढत होते. वरून नाचाचे ठोके ऐकू आले.

ठक्. ठक्.

मग पाय घासत ओढल्याचा आवाज…

मी कठडा धरला. पुढचा आवाज मला पाठ होता. मनात म्हणत होते, येऊ नको, येऊ नको.

आला. एकच टाळी.

मी धावत जाऊन दार ढकललं. आत भिंगरी एकटी. धापा टाकत होती, आणि खूश होती.

"कुणी शिकवलं तुला हे?"

"बाईंनी."

"कुठल्या बाईंनी?"

तिनं माझं बोट धरलं, मला जिन्यापाशी नेलं आणि फ्रेमकडे हात केला. "या बाईंनी."

"अगं वेडे, ती मीच आहे."

तिनं फोटोकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा फोटोकडे.

"नाही," ती म्हणाली. अगदी साधेपणानं. "त्या उंच आहेत. आणि त्या म्हणाल्या, टाचणीला सांग, टाळी राहिलीय."

त्या इमारतीत ते नाव कुणालाही माहीत नव्हतं. कुणालाही.

तेवढ्यात मागून मोठ्या बाई आल्या. सोबत भिंगरीची आई होती, तिला न्यायला आलेली. "काय चाललंय इथे?"

भिंगरी म्हणाली, "बाई, हा फोटो आमच्या बाईंचा नाहीये."

इथे मला थोडं थांबू द्या.

मी मोठ्यानं म्हणाले, "खोटं बोलतेय ही. सवयच आहे हिला."

नऊ वर्षांच्या पोरीला. तिच्या आईसमोर.

आईनं तिचा दंड धरला. "लाज नाही वाटत? बाईंबद्दल असं बोलतात?" मोठ्या बाईंनी बजावलं, "पुन्हा असलं काही बोललीस, तर कार्यक्रमातून नाव काढून टाकीन."

भिंगरी रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बघितलं.

त्या दिवसापासून तिनं मला प्रश्न विचारायचे सोडले. आधी एका तासात वीस प्रश्न असायचे. 'बाई, हात इथे का?' 'बाई, उजवा पाय का नाही?' आता एक नाही. सांगेन तेवढं करायची आणि भिंतीला टेकून बसायची. शिकवणाऱ्याला याहून मोठी शिक्षा नसते.

आणि सव्वाचारचे ठोकेही थांबले.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण ताईला मी ओळखत होते. ती चिडली की भांडायची. खूप दुखावली, की गप्प बसायची.

रोज सव्वाचारला मी त्या फळ्यांना कान लावून उभी राहायचे. तीन आठवडे.

काहीच नाही.

मग कार्यक्रमाचा दिवस आला. तळमजल्याचं सभागृह, दुपारचे चार वाजून गेलेले. खुर्च्या भरलेल्या. मी डाव्या विंगेत होते, मोठ्या बाई शेजारी. भिंगरी माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी तिच्या पोशाखाचा शेवटचा हूक लावला.

पडदा वर गेला. टेप सुरू झाली.

भिंगरी हलली नाही.

"जा, बाळा," मी कुजबुजले.

ती तशीच उभी. मग तिनं टाच उचलली…

ठक् ठक्.

हे मी तिला शिकवलं नव्हतं. ती अनवाणी होती, बाळांनो. पायाखाली जाड सतरंजी होती. पण आवाज लाकडी टाचेचा होता.



संगीत पुढे चाललं होतं. चार मात्रा गेल्या. आठ गेल्या. मोकळ्या स्टेजकडे बघून लोक कुजबुजायला लागले. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अहो बाई, मुहूर्त बघताय का?" मोठ्या बाई दातओठ खात म्हणाल्या. "ढकला तिला पुढे!"

भिंगरी वळली नाही. समोर बघतच म्हणाली, "टाचणीनं टाळी दिल्याशिवाय जायचं नाही."

"कोण टाचणी? पुन्हा तुझं सुरू झालं? थांब, पडदाच पाडते!"

मोठ्या बाईंचा हात पडद्याच्या दोरीकडे गेला. मला भिंगरीचे खांदे दिसत होते. शिक्षा होणार हे तिला ठाऊक होतं, तरी ती उभी होती. माझ्यामुळे या पोरीची दुसऱ्यांदा शोभा होणार होती. या वेळी साऱ्या सभागृहासमोर.

"मी," मी म्हणाले.

"काय?"

"मी टाचणी. मी नर्तकी नव्हते, बाई. एक दिवसही नव्हते. मी पोशाख सांभाळायचे. फ्रेममधला फोटो माझ्या बहिणीचा आहे. ही पोर खरं बोलत होती. खोटं मी बोलले."

मोठ्या बाईंचा हात दोरीवर तसाच राहिला.

मी टाळी दिली. एक.

भिंगरी निघाली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते महत्त्वाचं नाही. त्याच संध्याकाळी मी फ्रेम उतरवली. दुसरी लावली, तीत माझाच फोटो आणि एकच ओळ: 'अकरा वर्षं नृत्यमंडळात पोशाख सांभाळले.' मोठ्या बाईंनी मला काढलं नाही, पण महिनाभर बोलल्या नाहीत. सर्कसवाले सर म्हणाले, "बरं झालं. आता उलटा लटकलेला मी एकटाच नाही." भिंगरीच्या घरी जाऊन तिच्या आईसमोर मी त्या पोरीची माफी मागितली. 'त्या बाई कशा होत्या? काय म्हणाल्या?' असं तिला तेव्हा विचारलं, पुढेही कितीदा विचारलं. तिला त्यातलं काही आठवत नाही. नाच आठवतो. बाई आठवत नाहीत.

मी आता म्हातारी झाले. आजही सव्वाचार वाजले की माझे हात आपोआप एकमेकांजवळ येतात. मी कान देते. ऐकू काही येत नाही.

ती आता येत नाही, की अजून गप्प आहे, ते मला कळत नाही.

पण ते राहू द्या. तुम्ही अजून त्या विंगेत माझ्याबरोबर उभे आहात ना? स्टेजकडे बघा.

भिंगरी माझ्या दोन गिरक्यांपाशी आली आणि त्या तिनं केल्याच नाहीत. शेवटच्या सोळा मात्रा सुरू झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या पाहत होते.

ठक्. ठक्.

तिनं प्रेक्षकांकडे पाठ केली. भर कार्यक्रमात, सगळ्या लोकांकडे पाठ. आणि पाय घासत, ओढत ती डाव्या विंगेकडे आली. याच बाजूला, फळ्यांमागे, मी अकरा वर्षं पोशाख उघडून बसायचे.

ती थांबली. सगळं सभागृह शांत.

मग त्या पोरीनं मान वर केली, माझ्याकडे पाहून ती हसली, तिचे दोन्ही हात वर गेले…

आणि तिनं मला एक टाळी दिली.