शिवेपलीकडचं गाव

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामासाठी गावात शिरणं हा माझाच आगाऊपणा होता. सेलू तालुक्यातल्या त्या गावात हत्तीरोगाच्या गोळ्या सगळ्यांनी घेतल्या होत्या, एक कौशल्याबाई सोडून. आणि रक्तात जंतू निघाले होते ते नेमके तिच्याच. पाय धडधाकट, दुखणं काही नाही. अशी माणसं आम्हा आरोग्यसेवकांच्या डोक्याला जास्त ताप. आजारी माणूस निदान ऐकतो तरी. गोळ्या हातात देऊन चालत नाही, समोर गिळवाव्या लागतात, आणि ही बाई कधी वांग्याच्या वाडीत, कधी बाजारात. सणाला तरी सापडेल म्हणून गेलो.

सापडली, पण मारबतीच्या मागे. पळसाच्या डहाळ्यांचा तो पुतळा लोक शिवेकडे ओढत होते. सगळं गाव ओरडत होतं, "खासी, खोकला, मच्छर, रोगराई घेऊन जा गे मारबत!" मीही मागोमाग निघालो. मनात म्हटलं, ओरडून डास जात असते तर आमचं खातं कधीच बंद पडलं असतं.

मग गुणगुण ऐकू आली. गटारांतून, गोठ्यांतून, खताच्या खड्ड्यांतून डास उठत होते. आवाज वाढत वाढत लोकांच्या ओरडण्यावर गेला. चावत कुणालाच नव्हते. चुलीच्या धुरासारखे ते गर्दीवरून सरकत होते आणि मान वर करून कुणी बघतही नव्हतं. माझे हात कधी जोडले गेले, मला कळलं नाही.

शिवेवर पुतळा टाकून लोक मागे न बघता परतले. कौशल्याबाई थांबली. डासांचा ढग तिच्या डोक्यावर थांबला.

"शिवेच्या तिकडे माह्या मोनालीचं सासर हाय," ती म्हणाली. "तिचं लेकरू अजून मांडीवर हाय. सारे तिकडे ढकलून मोकळे होतेत. मी दरसाली वापस अंगावर घेतो."

तिनं पदर सारून दंड उघडे केले. ढग उतरू लागला.

"मावशी, थांबा!" मी ओरडलो. "तुमच्या अंगात जाऊन रोगाचे जंतू मरत नाई. तुमाले चावलेला मच्छर तेच घेऊन दुसऱ्याले चावते. गावच्या लेकरायले."

तिचा चेहरा पडला. "म्हंजे मीच गावाले वाटून राह्यली?"

"हो, मावशी."

इतकं खरं बोलल्याचं मला फार वाईट वाटलं.

ओटीतून कालची पुरणपोळी काढून तिनं चार घास खाल्ले. या गोळ्या उपाशीपोटी चालत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. गोळ्या गिळल्या, तोंड उघडून दाखवलं आणि दंड झाकून घेतले.

गुणगुण बंद झाली. ढग तसाच होता.

"आता हे कोन घेईन?" तिनं अगदी काळजीनं विचारलं.

मी गावाकडे पाऊल टाकलं. ढग गावाकडे सरकला.

मी मागे फिरलो. तोही फिरला.

शिवेपलीकडच्या पहिल्याच घरातून तान्ह्याचं रडणं ऐकू आलं.

मी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. डास उतरले, कसलीही घाई न करता. दुखलं मुळीच नाही.

कौशल्याबाईनं शिवेचा दगड पदरानं पुसून मला बसायला दिला. बसून बसून तो गुळगुळीत झाला होता.