ई विंगचा चौथा मजला

सोसायटीच्या ऑफिसात शिरताच कोंडिरामनं चोर ओळखला. हवालदारकीत तीस वर्षं काढलेला माणूस तो, चोर त्याला चटकन दिसायचा; फक्त नंतर बरेचदा भलताच निघायचा.

मीरा रोडच्या या बारा नंबरच्या बिल्डिंगमध्ये उद्या सोसायटीची निवडणूक होती, आणि मतदारयादीतून ई विंगची सोळा घरं गायब झाली होती. यादी करणारी पंचशीला डोळे सुजवून बसली होती. पोरीची पहिलीच नोकरी. सेक्रेटरी शशिकांत यांनी तिच्यापुढे कागद सरकवून ठेवला होता : 'ई विंगची नावं मी मुद्दाम गाळली.' सही करायची आणि काम सोडायचं.

खाजगी डिटेक्टिव्ह नीलिमाला, आणि तिचा मदतनीस म्हणून कोंडिरामला, बोलावलं होतं मनोरमाबाईंनी. त्या ई पाचशे दोनच्या, आणि शशिकांत यांच्याविरुद्ध उभ्या.

"गेलेली मतं सगळी यांच्या विंगची. फायदा कुणाचा, साहेब?" कोंडिरामनं सेक्रेटरींना विचारलं.

"मला कॉम्प्युटरचं ओ की ठो कळत नाही. मी प्रिंट काढून बोर्डावर लावली, बस. आणि माझी सख्खी बहीण ई चारशे एकला राहते. तिचंही नाव गेलंय. तिचं मत मी घालवीन होय?"

कोंडिरामचा चोर हातचा गेला.

"पंचशीला, घर नंबर यादीत कसा लिहितेस?" नीलिमानं विचारलं.

"बिल्डिंग, विंग, घर, सगळं जोडून. काकूंचं 12E502."

"ई विंगचा तिसरा मजला?"

"तीनशे एक ते चार, सगळे आहेत. चौथ्यापासून सातव्यापर्यंतचे गेलेत."

"डी विंगचा चौथा?"

"तो आहे ना."

"यंदा प्रोग्रॅममध्ये नवं काय घातलंस?"

"एक तपासणी. पाण्याच्या मीटरचे आकडेही त्यातूनच जातात. कुठे शून्यानं भागलं गेलं की उत्तर 'अनंत' यायचं, नाहीतर 'हा आकडाच नाही' असं. तसल्या ओळी गाळायला सांगितल्यात."

"सगळ्या रकान्यांना?"

"हो."

"मग सापडला चोर. ई."

मॅडम थट्टा करतायत, असं कोंडिरामला वाटलं.

"आकड्यांच्या मधे ई आला की कॉम्प्युटर पुढे शून्यं धरतो," नीलिमा शांतपणे म्हणाली. "12E403 म्हणजे बारा, आणि त्यावर चारशे तीन शून्यं. त्याची धाव जेमतेम तीनशे आठ शून्यांपर्यंत. त्यापुढचं सगळं त्याच्या लेखी अनंत. तिसरा मजला तीनशे चारलाच संपतो, म्हणून वाचला. डी असेल तर तो आकडा धरतच नाही, नुसती अक्षरं समजतो. तुझ्या तपासणीनं अनंत दिसलं आणि ओळ गाळली."

पंचशीलानं घर नंबरच्या रकान्यावरची तपासणी काढली. सोळाच्या सोळा घरं परत आली. मनोरमाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

शशिकांत ओशाळून कागद उचलायला गेले. पंचशीलानं तो धरून ठेवला. पेन घेऊन 'मुद्दाम' एवढाच शब्द खोडला आणि खाली सही केली.

"चूक माझीच आहे," ती म्हणाली. "उद्या यादी घेऊन मीच बसते."

कोणी नको म्हटलं नाही. कोंडिराम त्या खोडलेल्या शब्दाकडे बघत राहिला. खात्यात असताना त्यानं शेकड्यांनी जबाब लिहून घेतले होते. त्यातला एक शब्दही त्यानं कधी कुणाला खोडू दिला नव्हता.