‘कट’ म्हटल्यानंतर

शनिवारी शिंपिणीकडून निघाले आणि पावसाने गाठलं, म्हणून समोर दिसलेल्या मांडवात शिरले. आत लग्न चाललं होतं. म्हणजे खरं नाही. आमच्या असाबात, म्हणजे नायजेरियाच्या सिनेमावाल्यांच्या गावात, कुठल्याही मांडवात शिरलात तर आधी कॅमेरा शोधावा, नवरा-नवरी नंतर.

“तुझी उंची किती?” मागून कुणीतरी विचारलं.

वळून बघते तर शेजारच्या तुकडीतला लोटान्ना. हातात फोन, भुवयांवर पावसाचे थेंब.

“तुला कशाला हवी माझी उंची?”

“मला नको. काकांना हवी. त्यांच्या सिनेमातली नवरी नायजर नदीच्या पुलावर अडकलीय, आणि नवरा तिच्याच गाडीत आहे.”

“मग पुलावरच लावून टाका की त्यांचं.”

तो हसला. हसणं वाईट नव्हतं त्याचं… एवढंच मी प्रामाणिकपणे नोंदवते. पुढचं काही तेव्हा नव्हतं.

त्याचे काका सिनेमे काढतात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “पाच मिनिटं, पोरी. चेहरा अर्धाच दिसेल.” मला कुणी सिनेमात घेतंय आणि मी नाही म्हणेन? गळ्यात पोवळ्यांच्या माळा चढल्या, हातात प्याला आला. नवऱ्याच्या खुर्चीत काकांनी लोटान्नालाच ढकललं. त्याने आधी आपला फोन चित्रण चालू करून तिकाटण्यावर लावला, मग माझ्या प्याल्यातल्या पाण्यात दुधाची पावडर ढवळली.

“ताडी कुठंय?” मी विचारलं.

“शाळेतल्या पोरांना ताडी पाजली तर काका तुरुंगात जातील. दूध पी, वाढशील.”

मग मी निघाले. दोन्ही बाजूंनी भाड्याने आणलेले काके-मामे ओरडत होते, “इकडे ये, मला दे, तो नाही येत आता.” नवरीने त्यांना फसायचं नसतं. मी नाक उडवत पुढे गेले, खुर्चीपुढे गुडघे टेकले, एक घोट घेतला आणि प्याला पुढे केला. आमच्याकडे त्याने तो प्यायला की लग्न लागलं. लोटान्नाने तो घाईने तोंडाला लावला. थोडं दूध त्याच्या शर्टावर सांडलं. प्याल्याच्या वरून त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मला अभिनय येत नाही असं कुणी म्हणू नये म्हणून मीही पाहिलं.

काका म्हणाले, “कट.” माझ्या लेखी विषय संपला.

रविवारी लोटान्नाने त्यातले वीस सेकंद कापले, खाली गाणं टाकलं आणि स्टेटसला ठेवले. “एक छोटी गोष्ट” असं वर लिहिलं होतं. माझ्या मैत्रिणी ते बघून रडल्या, सगळं माहीत असून. सोमवारी तेच वीस सेकंद एका मंगल कार्यालयाच्या जाहिरातीत होते: “तुमचाही प्याला आमच्याच अंगणात.” आणि मंगळवारी एका बातम्यांच्या चॅनलवर. “सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीचं गुपचूप लग्न?”

गंमत बघा. त्याच सोमवारी न्वाबुएझे बाईंनी वर्गाला गृहपाठ दिला होता. एक गोष्ट, एक जाहिरात, एक बातमी, असे तीन व्हिडिओ घ्या. प्रत्येक कशासाठी केलाय, कोणासाठी केलाय, लिहा. मला शोधायला जावंच लागलं नाही. तिन्हींत मीच होते.

मी कार्यालयवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “अहो ताई, जाहिरात कोण खरी मानतं? बरं, तुमच्या लग्नाला दहा टक्के सूट देतो.” चॅनलवाल्याला केला. तो म्हणाला, “आम्ही लग्न झालं असं कुठं म्हटलंय? शेवटी प्रश्नचिन्ह आहे, नीट बघा.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गोष्ट निदान सांगते की मी रचलेली आहे. जाहिरातही डोळा मारून मारून सांगते की मला काहीतरी विकायचंय. आणि जिच्यावर माणसं डोळे झाकून विश्वास ठेवतात, तिने खोटं बोलून वर प्रश्नचिन्हामागे लपायचं? माझं नाव ओझिओमा, म्हणजे चांगली बातमी. आणि माझीच ही गत.

बाजारात आईच्या गाळ्याशेजारच्या मावशींना तर मी दुधाची पावडर, काका, पूल, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. “प्याल्यात काय होतं ते राहू दे,” त्या म्हणाल्या. “गुडघे टेकलेस ना? त्याने प्यायलं ना? मग झालं की गं. त्या मुलाला जेवायला काय आवडतं?”

हे हसण्यावारी नेलं असतं. पण बुधवारी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. राजधानीत, अबुजाला होणाऱ्या वादविवाद स्पर्धेत आमच्या शाळेची कप्तान मी आहे. ती जागा मी अकरा मुलांना हरवून मिळवलीय. त्या म्हणाल्या, “पालकांचे फोन येतायत. लग्न झालेल्या मुलीला मी शाळेच्या नावाने पाठवू शकत नाही. शुक्रवारपर्यंत पुरावा आण, नाहीतर दुसरं नाव देते.”

काकांकडे फक्त कापून तयार केलेला प्रसंग होता, आणि त्यात अर्थातच लग्न लागत होतं. अख्खं चित्रण एकाच ठिकाणी होतं. लोटान्नाच्या फोनमध्ये.

“पुसलं गेलं,” तो जमिनीकडे बघत म्हणाला.

“तुझ्याकडे दोन वर्षांपूर्वीचा बकरीचा व्हिडिओ आहे. शनिवारी तूच दाखवलास मला. बकरी ठेवलीस आणि मला पुसलंस?”

“तसं नाही…”

“मग कसं?”

“पूर्ण बघितलास तर तुला… कळेल.”

“काय कळेल?”

त्याचे कान काळ्याचे जांभळे झाले.

“हे बघ लोटान्ना, मला काय कळायचं ते कळू दे. इथं माझं अबुजा जातंय. तुझी लाज वाचवायला माझं नाव मातीत घालू नकोस.” एवढं बोलून मी निघून आले आणि भिंतीआड जाऊन दोन मिनिटं रडले. रागाने. फक्त रागाने.

शुक्रवारी शाळेच्या कार्यालयात मुख्याध्यापिका, न्वाबुएझे बाई, माझी आई आणि मोकळ्या हातांची मी. दारावर टकटक झाली. लोटान्ना आत आला, फोन टेबलावर ठेवला आणि भिंतीला चिकटून उभा राहिला.

सात मिनिटांचा व्हिडिओ होता. दूध ढवळलेलं दिसलं. “वाढशील” ऐकू आलं तेव्हा आईला हसू आलं. काके-मामे, गुडघे, प्याला. मग काकांचं “कट.”

मुख्याध्यापिका फोन बंद करणार, तेवढ्यात पडद्यावरचं चित्र हललं. तिकाटण्यावरून फोन कुणीतरी उचलला होता. आता त्यात मी होते, एकटी. माळ केसांत अडकलीय म्हणून मी तिला शिव्या घालतेय. एक चप्पल सापडत नाही म्हणून लंगडी घालतेय. भाड्याच्या मामाच्या विनोदावर तोंड वासून हसतेय. तब्बल तीन मिनिटं. आणि शेवटी, अगदी जवळून, हळू आवाज: “काका… ती पुलावरची नाही आली तरी चालेल.”

मुख्याध्यापिकांनी फोन बंद केला.

“हे शेवटचं,” न्वाबुएझे बाईंनी चष्मा पुसत विचारलं, “कशासाठी, आणि कोणासाठी?”

“कोणासाठीच नाही, बाई,” भिंत म्हणाली. म्हणजे लोटान्नाच. “माझ्यापुरतं होतं.”

मुख्याध्यापिका खोकल्या आणि म्हणाल्या की अबुजाची गाडी सोमवारी सहाला निघेल, उशीर चालणार नाही. चॅनलला शाळेचं पत्र जाईल, माफी मागायला लावणारं. ते मीच लिहीन, मी सांगितलं. आई बाजाराच्या वाटेला लागली. जाताना त्याच्याकडे एकदा नीट बघून गेली.

फाटकाबाहेर मी त्याला गाठलं.

“मला विचारलं होतंस, तीन मिनिटं माझं चित्र घेताना?”

“नाही.”

“आणि ते लपवायला मला दोन दिवस जाळलंस.”

“हो.” त्याने फोन पुढे केला. “तूच सांग काय करू.”

“बाईंकडे प्रत गेलीय ना? मग पुस.”

त्याने माझ्यासमोर पुसलं. बोट जरा अडखळलं, पण पुसलं. मला बरं वाटलं… आणि थोडं वाईटही, ते काय कारणाने कोण जाणे.

“आता तोंडाने सांग,” मी म्हणाले. “जे काय असेल ते.”

“तू त्या माळेशी भांडत होतीस ना… तेव्हा मला वाटलं, माझ्याशी पण कुणी असं भांडावं.”

“दोन दिवस काय करतेय मी?”

“हो. म्हणूनच… दोन दिवस मी घाबरलोय पण, आणि… खूशही आहे.”

राग अजून पुरता गेला नव्हता. तो मी जपून ठेवणार आहे, चॅनलसाठी. पावसाची बारीक भुरभुर सुरू झाली. पिवळी रिक्षा थांबली आणि चालकाने मान बाहेर काढली.

“बाजारापर्यंत. एक की दोघं?”

लोटान्नाने फोन खिशात टाकला. तो माझ्याकडे बघत राहिला.

“दोघं,” मी म्हणाले आणि आत सरकून जागा केली.